चहामळ्यातला ‘आळस’ आणि रक्तातले लोह

एक किलो चहा तयार व्हायला साधारण साडेचार किलो ओली पाने लागतात. ‘दोन पाने आणि एक कळी’ असा हिशेब ठेवून ती झुडपावरून हातांनी खुडायची, पाठीवरच्या टोपलीत टाकायची आणि मळ्यातल्याच कारखान्यात पोचवायची. तिथे ती आधी कोमेजवतात, मग यंत्रात पिळून चुरगळतात, दमट हवेत पसरून काळपट होऊ देतात आणि शेवटी शंभर अंशांच्या आसपास तापलेल्या हवेच्या झोतात वाळवतात. त्यानंतर चाळणी आणि प्रतवारी. पाने वळण्याचे यंत्र विल्यम जॅक्सन याने १८७२च्या सुमारास आसामात बसवले. सॅम्युएल डेव्हिडसन याचे ‘सिरॉको’ वाळवणी यंत्र १८७७चे. चहाच्या इतिहासाचे कोणतेही पुस्तक उघडा, या यंत्रांची चित्रे हमखास सापडतात. झुडूप आणि यंत्र यांच्यामध्ये जो माणूस उभा असतो, त्याच्या अंगात हे काम करण्याइतके बळ आहे का, या प्रश्नालाही दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो मात्र पुस्तकांच्या कडेकडेने गेलेला आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगायला हवी. चहाच्या कारखान्यातला कामगार आणि मळ्यात पाने खुडणारी बाई या दोन वेगळ्या दुनिया नव्हेत. दोघे एकाच मळ्यातल्या ‘लाइनीत’, म्हणजे कामगारांच्या बराकीत राहतात, एकाच दुकानातून शिधा घेतात, एकाच विहिरीचे किंवा नळाचे पाणी पितात. बहुतेक ठिकाणी कारखान्यात पुरुष जास्त आणि खुडणीवर बायका जास्त, एवढाच फरक. पण शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तो मुख्यतः बायकांचा, आणि त्याचे कारण अगदी साधे आहे. खुडणारीची टोपली रोज तराजूवर चढते आणि तिचे वजन वहीत लिहिले जाते. तिच्या श्रमाचे माप किलोत आयते मिळते. वाळवणी यंत्रापुढे आठ तास उभा राहणारा माणूस दिवसाला किती चहा ‘करतो’, हे कोण सांगणार? त्याच्याबद्दल जी स्वतंत्र माहिती जमली ती प्रामुख्याने फुप्फुसांची. श्रीलंकेतले डॉक्टर सी. जी. उरागोडा यांनी १९७०मध्ये चहा बनवणाऱ्यांच्या दम्याची नोंद प्रसिद्ध केली आणि १९८०मध्ये चहाच्या धुळीत काम करणाऱ्यांच्या श्वसनविकारांची. त्याच्या स्नायूंचे आणि रक्ताचे काय, हे पाहायचे तर आपल्याला त्याच्या घरातल्या बाईच्या टोपलीवाटेच जावे लागते.

आता मागे, आसामात जाऊ. आसाम कंपनी स्थापन झाली १८३९मध्ये. १८६०च्या दशकात चहाची लाट आली आणि जंगल तोडून मळे घालायला माणसे कमी पडू लागली. छोटा नागपूर, संथाळ परगणा, ओडिशा, मध्य प्रांत इथून आदिवासी आणि इतर गरीब लोकांना दलालांमार्फत नेण्यात आले. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत सुमारे ८५ हजार मजूर आसामात उतरले. १८६६च्या जूनपर्यंत त्यांतले ३० हजारांहून अधिक मेलेले होते किंवा पळून गेलेले होते. १८६५च्या कायद्याने पुरुषाला महिना ५ रुपये, बाईला ४ आणि मुलाला ३ अशी किमान मजुरी ठरवली. त्याच कायद्याने पळून जाणाऱ्या मजुराला पकडण्याचा अधिकार मळेवाल्याला दिला. करारावर आलेल्या माणसाने काम नाकारणे हा गुन्हा ठरला.

त्या काळच्या कागदपत्रांत ‘कुली’ या शब्दाजवळ ‘आळशी’ हे विशेषण वारंवार भेटते. मळेवाल्यांची बाजू अशी, की यांना काम दिले तरी ते पुरे करत नाहीत. दुसऱ्या बाजूने पाहणारेही होते. ब्राह्मो समाजाचे द्वारकानाथ गांगुली यांनी १८८०च्या दशकात मळ्यांवरच्या हालअपेष्टांबद्दल लेखमाला लिहिली. आसामचे चीफ कमिशनर हेन्री कॉटन यांनी १९०१च्या विधेयकात मजुरी वाढवण्याचा आग्रह धरला, तेव्हा कर्झनच्या सरकारने ती वाढ दोन वर्षे पुढे ढकलली. तेव्हा वाद होता तो नीतीचा आणि पैशाचा. शरीरशास्त्राला त्यात अजून जागा नव्हती.

ती जागा एका रोगाने करून दिली, तीही चुकीच्या वाटेने. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात काळा आजार पसरत होता आणि मळ्यांवर माणसे पांढरीफटक पडून, सुजून मरत होती. सरकारने जी. एम. गाइल्स या लष्करी डॉक्टराला चौकशीसाठी पाठवले. त्याने १८९०मध्ये अहवाल दिला, की काळा आजार आणि मळेवाले ज्याला ‘बेरीबेरी’ म्हणतात तो रोग, दोन्हींचे कारण एकच, आतड्यातला अंकुशकृमी. मृतांच्या आतड्यांत कृमी दिसत होते, तेव्हा निष्कर्ष सरळ वाटला. पण एडविन डॉब्सन या दुसऱ्या डॉक्टराने एक वेगळीच तपासणी केली. आसामात नव्याने येणाऱ्या, धडधाकट दिसणाऱ्या मजुरांमध्ये त्याने कृमी शोधले आणि त्यांच्यातही ते मोठ्या प्रमाणावर सापडले. रोग्यात एखादी गोष्ट आढळली म्हणून तीच रोगाचे कारण ठरत नाही. ती निरोग्यात आढळते का हेही पाहावे लागते. वर्गात ‘नियंत्रित तुलना’ शिकवताना डॉब्सनचे उदाहरण आम्हाला फार उपयोगी वाटते. काळ्या आजाराचा खरा परजीवी १९०३मध्ये लीशमन आणि डोनोव्हन यांना सापडला.

गाइल्स हरला आणि अंकुशकृमी बाजूला पडला. यात एक गफलत झाली. कृमी काळ्या आजाराचे कारण नव्हता हे खरे, पण म्हणून तो निरुपद्रवी होता असे नाही. ‘धडधाकट’ मजुरांच्या पोटातही तो होता, याचा अर्थ असाही निघत होता की ज्यांना आपण धडधाकट समजतो ती सगळीच माणसे थोडीथोडी रक्त गमावत आहेत.

हा कृमी मिलानमध्ये आंजेलो दुबिनी याला १८३८मध्ये सापडला होता. आल्प्समधल्या गॉटहार्ड बोगद्याच्या मजुरांमध्ये १८८०च्या सुमारास रक्तक्षयाची साथ आली तेव्हा युरोपचे त्याच्याकडे लक्ष गेले. तो शरीरात शिरतो कसा, हे कैरोमध्ये आर्थर लूस याच्या ध्यानात आले ते अपघाताने. अळ्या असलेल्या पाण्याचा थेंब हातावर सांडला, कातडी खाजली, आणि काही आठवड्यांनी त्याच्या स्वतःच्या विष्ठेत कृमीची अंडी दिसू लागली. म्हणजे अळी कातडीतून शिरते. माणूस उघड्यावर शौचाला बसतो, ओलसर सावलीच्या मातीत अंड्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायांतून दुसऱ्याच्या शरीरात जातात. चहाला काय लागते? भरपूर पाऊस, उबदार हवा, सावली, मऊ भुसभुशीत माती. कृमीच्या अळीलाही नेमके तेच लागते.

आता थोडे आकडे मांडू, कारण सगळी गोष्ट या आकड्यांत आहे. अंकुशकृमीच्या दोन जाती माणसात राहतात. त्यांतली ‘नेकेटर’ ही जात दर कृमीमागे दिवसाला सुमारे ०.०३ मिलिलिटर रक्त घालवते. ‘अँकिलोस्टोमा’ त्याच्या पाचसहा पट. समजा, एका बाईच्या पोटात १०० नेकेटर आहेत. हा काही फार मोठा आकडा नव्हे. रोज ३ मिलिलिटर रक्त गेले. चांगल्या रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असते, म्हणजे रोज दीड मिलिग्रॅम लोह. त्यातले काही आतड्यातून परत शोषले जाते हे मान्य. पण आपले शरीर एरवी दिवसाला अन्नातून शोषते तेच मुळी एक ते दोन मिलिग्रॅम. मासिक पाळी, बाळंतपणे आणि दूध पाजणे यांचा खर्च अजून यात धरलेलाच नाही. मिळकत एक, खर्च दोन, असा हा संसार. आधी यकृतातली पुंजी संपते, मग रक्तातले हिमोग्लोबिन उतरू लागते.

हिमोग्लोबिन उतरले म्हणजे काय होते? एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन धरते. १०० मिलिलिटर रक्तात १४ ग्रॅम हिमोग्लोबिन असेल तर त्यात जवळपास १९ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. ७ ग्रॅम असेल तर साडेनऊच. विश्रांतीत हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त ढकलते. म्हणजे पहिल्या बाईच्या ऊतींकडे मिनिटाला सुमारे ९४० मिलिलिटर ऑक्सिजन पोचतो, दुसरीच्या ४७०. नुसते बसून राहायला शरीराला २५० लागतो, तेव्हा बसलेली असताना दोघी सारख्याच दिसतात. आता दोघींना टोपली पाठीला लावून चढ चढू द्या. गरज मिनिटाला लिटरभर झाली. रक्तातला सगळा ऑक्सिजन स्नायूंना काढून घेता येत नाही, म्हणून पहिलीच्या हृदयाला वेग वाढवून भागते, आणि दुसरीच्या हृदयाला तेवढ्याच कामासाठी त्याच्या दुप्पट रक्त ढकलावे लागते. छाती धडधडते, स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, पाय जड होतात. ती थांबते. हजेरीपट भरणाऱ्याला दिसते ते एवढेच, की ती थांबली.

हा हिशेब विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुणाला इतका स्पष्ट नव्हता, पण कृमी काढले तर मजूर जास्त काम करतो हे मळेवाल्यांच्या ध्यानात येऊ लागले होते. अमेरिकेतल्या रॉकफेलर प्रतिष्ठानाने १९१६पासून श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या चहामळ्यांत अंकुशकृमीविरोधी मोहीम काढली. औषधे होती थायमॉल आणि चंदनबटव्याच्या कुळातल्या एका वनस्पतीचे तेल, दोन्ही घ्यायला त्रासदायक. कृमी पडत, मजूर बरा होई आणि काही महिन्यांत पुन्हा तेच. संडास बांधल्याशिवाय औषधाचा उपयोग टिकत नाही, हे मोहिमेचे डॉक्टर सांगत राहिले. गोळीचा खर्च मळेवाले आनंदाने करीत, संडासांचा आणि चांगल्या लाइनींचा करताना हात आखडत. गोळीने कामगाराचे पोट साफ होते, मळ्याची व्यवस्था मात्र आहे तशीच राहते. आमच्या मते या साऱ्या इतिहासातली मेख इथेच आहे.

पुढचा टप्पा अन्नाचा. पोर्तो रिकोत १९३४मध्ये र्‍होड्स, कॅसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की कृमी तसेच ठेवून नुसते पुरेसे लोह दिले तरी अंकुशकृमीचा रक्तक्षय भरून येतो. नुसते कृमी काढले आणि लोह दिले नाही, तर रक्त फार सावकाश वाढते. म्हणजे प्रश्न कृमीचा होता तितकाच ताटाचा होता. त्याच सुमारास मुंबईत ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर १९२८पासून गरोदर बायकांच्या एका निराळ्या रक्तक्षयाचा शोध घेत होती. हाफकिन संस्थेत काम करताना गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांचा आहार तिने बारकाईने पाहिला. भाज्या, फळे, दूध यांचा तुटवडा होता. यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारातल्या ‘मारमाइट’ने, तिचे रुग्ण बरे झाले. १९३१मध्ये तिने हे प्रसिद्ध केले. त्यातले द्रव्य म्हणजे फॉलिक आम्ल, हे १९४०च्या दशकात कळले. आज शाळेत आठवड्याला एकदा जी निळी गोळी आपण मुलामुलींना देतो, तिच्यात लोह आणि फॉलिक आम्ल एकत्र असते, त्यामागे मुंबईच्या गिरणकामगार बायकांचे रक्त आहे. गोळी देताना ही गोष्टही सांगितली, तर गोळ्या खिडकीबाहेर कमी जातील असे आम्हाला वाटते.

आहाराचे संशोधन तर चहाच्या शेजारीच चालले होते. निलगिरीत कुन्नूरला, भोवती मळे पसरलेले असताना, रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी उभारलेली प्रयोगशाळा १९३५पासून वॉलेस आयक्रॉइड यांच्या हाती होती. भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची त्यांची पुस्तिका १९३७ची. हीच संस्था पुढे हैदराबादला गेली.

कायद्याची कथा थोडक्यात सांगू. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या मजूर आयोगाने १९२९ ते १९३१ या काळात मळ्यांचीही पाहणी केली. आपले नारायण मल्हार जोशी त्याचे सदस्य होते. १९४६मध्ये द. वि. रेगे यांचा मळेमजुरांवरचा स्वतंत्र अहवाल आला, १९४७मध्ये मळ्यांवरील वैद्यकीय सोयींवर लॉइड जोन्स यांचा. या दोहोंमधून १९५१चा मळेमजूर कायदा उभा राहिला. पिण्याचे पाणी, संडास, दवाखाना, पाळणाघर, उपाहारगृह, घरे, हे सगळे मालकाचे कर्तव्य ठरले. २०२०मध्ये संसदेने मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत हा कायदा विलीन करण्यात आला.

‘आळस’ या शब्दाची प्रयोगाने तपासणी व्हायला मात्र १९७०चे दशक उजाडले. कॅलिफोर्निया विद्यापीठातले एजर्टन आणि गार्डनर यांनी श्रीलंकेतल्या डॉ. सेनेविरत्ने आणि इतरांच्या बरोबर तिथल्या एका मळ्यावर काम केले. आधी बायकांना सरकत्या पट्ट्यावर चालवून पाहिले. हिमोग्लोबिन जितके कमी, तितकी बाई लवकर थकत होती, तितके तिचे ठोके आणि रक्तातले लॅक्टिक आम्ल वाढत होते. मग दुसरा प्रयोग, १९७९मध्ये प्रसिद्ध झालेला. काहींना लोहाच्या गोळ्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. महिन्याभराने, ज्यांचे हिमोग्लोबिन वाढले त्यांच्या टोपलीत पाने जास्त भरली. सगळ्यांत जास्त फरक पडला तो ६ ते ९ ग्रॅम हिमोग्लोबिन असणाऱ्यांत. आणखी एक माप त्यांनी घेतले, ते आम्हाला टोपलीपेक्षा महत्त्वाचे वाटते. बायकांच्या अंगावर उपकरण लावून चोवीस तासांची त्यांची हालचाल नोंदली. तीन आठवड्यांत लोह मिळालेल्या बायकांची एकूण हालचाल वाढली. म्हणजे कामाच्या वेळेपलीकडेही त्या जास्त हिंडू-फिरू लागल्या. आळशी माणूस गोळीने उद्योगी होत नाही. अशक्त माणूस होतो.

त्याच वर्षी इंडोनेशियातल्या रबराच्या मळ्यांवरचा असाच प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथे एक गंमत झाली. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांचेही हिमोग्लोबिन थोडे वाढले. शोध घेतल्यावर संशोधकांचा कयास झाला, की प्रयोगात भाग घेतल्याबद्दल सर्वांना मिळणाऱ्या चार पैशांतून मजुरांनी पालेभाजी घेतली असावी!

चहामळ्यावरच्या लोहाच्या हिशेबात खुद्द चहाही येतो. १९७५मध्ये दक्षिण आफ्रिकेत डिस्लर आणि सहकाऱ्यांनी तिथल्या भारतीय वंशाच्या बायकांवर प्रयोग करून दाखवले, की जेवणाबरोबर चहा घेतला तर वनस्पतिजन्य अन्नातल्या लोहाचे शोषण खूप कमी होते. चहातली टॅनिनसारखी द्रव्ये लोहाला जखडून ठेवतात. आसामच्या मळ्यांवर तर पोळी-भाताबरोबर मीठ घातलेला काळा चहा घेण्याची रीत आहे. घामातून जाणारे मीठ भरून काढायला ती पडली असावी, पण तिथे रक्तदाबाचे प्रमाण फार मोठे आढळले तेव्हा संशोधकांनी या मिठाकडेही बोट दाखवले. जेवणानंतर तासभराने चहा आणि ताटात लिंबाची फोड, एवढे बदल लोहाच्या बाजूने जातात. हे मधल्या सुट्टीत डब्याबरोबर चहा घेणाऱ्या आपल्यालाही लागू आहे.

इथवर वाचून असे वाटेल, की लोह आणि कृमीचे औषध द्या, प्रश्न सुटला. पण बांगलादेशातल्या एका चहामळ्यावरचा, २००१मध्ये गिल्गेन, मॅसी-टेलर आणि रोझेटा यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग तसे म्हणू देत नाही. खुडणीवरच्या ५५३ बायकांचे चार गट केले. एकीला दर आठवड्याला लोह, दुसरीला कृमीचे औषध, तिसरीला दोन्ही, चौथीला पोकळ गोळ्या, अशी वाटणी. २४ आठवड्यांनी चारही गटांच्या कामात लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. श्रीलंकेतल्या प्रयोगात सर्वांत जास्त फायदा झाला तो रक्त अगदीच उतरलेल्या बायकांचा. जिथे बऱ्याच जणींचा रक्तक्षय तितका तीव्र नसेल, तिथे फरक कमी दिसणार, शिवाय आठवड्याला एकच गोळी. पण त्याच पाहणीत आणखी काही आकडे होते. जिच्या पोटात कृमी जास्त, तिची खुडणी कमी. जिचे हिमोग्लोबिन कमी, तिचे खाडे जास्त. आणि ज्या बायका उंच होत्या, ज्यांच्या दंडाचा घेर मोठा होता, त्या जास्त पाने खुडत, जास्त मजुरी मिळवत आणि कमी गैरहजर राहत.

दंडाचा घेर म्हणजे आजवर पोटात गेलेल्या अन्नाची स्नायू आणि चरबीच्या रूपातली शिल्लक. ती चोवीस आठवड्यांच्या गोळ्यांनी तयार होत नाही. आणि उंचीचा पाया तर पहिल्या दोन-तीन वर्षांतच घातला जातो, आई खुडणीवर असताना बाळ ज्या पाळणाघरात किंवा ज्या भावंडाच्या कडेवर असते, तिथे.

आसामच्या मळ्यांवरील चार हजारांवर माणसांच्या आरोग्याची पाहणी मेधी आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केली. तीत ७२ टक्के लोकांत रक्तक्षय आढळला, ६५ टक्क्यांच्या पोटात कृमी, प्रौढांपैकी जवळपास ७० टक्के उंचीच्या मानाने कृश. मुलांमध्ये वयाच्या मानाने कमी वजनाची होती ५९.९ टक्के. ती मुले आता विशीत-पंचविशीत आली आहेत. त्यांतली बरीच आज खुडणीवर किंवा कारखान्यात कामाला लागली असतील.